पाटल्यांची गाडी

सासूबाईंनी त्यांच्या पाटल्या माझ्या हातात दिल्या, तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. दुपारची वेळ. त्यांच्या पायांना तेल लावून मी उठत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, हृदय अशक्त म्हणून डॉक्टर ऑपरेशन टाळत आलेले, आणि त्यात औषधांची गुंगी. त्यांनी उशीखालून फडक्याची पुरचुंडी काढली, चाचपडत माझा हात धरला आणि ती तळव्यावर ठेवली.

"घे पोरी. ह्या तुझ्याच."

"असू देत की आई तुमच्याजवळ," मी म्हटलं. त्यांनी माझी मूठ मिटवली आणि कुशीवर वळल्या. पुढच्या महिन्यात त्या गेल्या.

आमचं हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. आजेसासऱ्यांनी मिरजेकडून येऊन ते टाकलं. आता माझे दीर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, आणि माझा नवरा ते चालवतात. मी विद्यानगरातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. सासूबाईंचं आजारपण लांबलं तसं त्यांना दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण सकाळच्या तासांनंतर मोकळी असणारी घरात मी एकटीच. त्यासाठीच मी गाडी शिकले, तीही दुकानाच्या व्हॅनवर. मागं स्टीलचे डबे नि पिंपं, पुढं आम्ही दोघी. खड्डा आला की मागची भांडी एकदम वाजायची आणि सासूबाई म्हणायच्या, "वरात निघाली बघ."

त्या गेल्यावर माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. दुःख होतंच. पण त्याच्याबरोबर एक हलकेपणाही आला, आणि त्याची मला फार लाज वाटायची. दिवसकार्य होऊन थोडे दिवस झाले असतील, कॉलेजातली एक मैत्रीण गाडी घेणार होती म्हणून तिच्यासोबत मी शोरूमला गेले. तिथं कोपऱ्यात ती उभी होती. छोटीच गाडी, पण बुटकी, रुंद खांद्यांची, गडद निळी, मागं दोन सायलेन्सर, सीटला लाल दोऱ्याची शिवण.

"मॅडम, ती यंग लोकांची," विकणारा म्हणाला. "तुम्हाला उंच गाडी दाखवतो. चढाय-उतरायला बरी."

मी म्हटलं, "हीच चालवून बघते."

धारवाडच्या रस्त्यावर, उणकलचं तळं मागं पडल्यावर, मी पाय जरा दाबला. गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग अशी निघाली की माझी पाठ सीटला चिकटली. मी मोठ्यानं हसले. बाजूचा विकणारा दचकला. कितीतरी वर्षांत मी अशी हसले नव्हते.

त्याच किमतीत सात माणसांची गाडी येत होती. ही शहरात फिरवली तर पेट्रोल पिणार, मागं सामानाला जागा म्हणजे दोन पिशव्यांची, रस्त्यावर उंचवटा आला की पोट घासणार. कर्नाटकातला रोड टॅक्स तो वेगळाच. किमतीच्या मानानं पदरात काय पडतं, हा प्रश्न मी वर्गात मुलांना विचारायला शिकवते. स्वतःला तो विचारला नाही. मला ती हवी होती. दुसरं कारण आजही माझ्याकडं नाही.

माझी शिल्लक पुरत नव्हती. पाटल्या घेऊन मी सराफाकडं गेले. त्यानं त्या काट्यावर ठेवायच्या आधी विचारलं, "मोडायच्या? बदलून दुसरं काही नको?"

"मोडायच्या."

"जुनं काम आहे बाई. असं आता कोणी करत नाही," तो म्हणाला, आणि मी मान हलवून दुसरीकडं बघत राहिले.

नवरा म्हणाला, "तुला दिल्यात, तू ठरव." त्यानंतर दोन दिवस तो जेवायला काय आहे एवढंच विचारत होता. अण्णा गाडीच्या पूजेला आले. चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला, आणि एक चक्कर मारून विचारलं, "अॅव्हरेज किती देते?"

मी शोरूमवाल्यानं सांगितला होता तो आकडा थोडा वाढवून सांगितला. तरी त्यांच्या भुवया वर गेल्या.

"सोनं घरात बसून वाढतं," ते म्हणाले. "ही घरात बसली तरी उतरते." आणि मग आवाज खाली आणून, माझ्या नवऱ्याला, पण मला ऐकू येईल असं, "आईनं कधी दिल्या म्हणे? कोणाच्या समोर?"

तिथून ते सुरू झालं. घराचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर अण्णा रोज सकाळी देवाचा फोटो टाकायचे. आता फोटोच्या खाली सोन्याचा भाव येऊ लागला. वर-खाली एक शब्द नाही, नुसता भाव. आणि ते सोनंही काय वेळ साधून चढत होतं. रोज सकाळी मला कळायचं की माझ्या मूर्खपणाची किंमत आज एवढी झाली. इकडं वर्गात घसारा शिकवायची वेळ आली, म्हणजे वस्तू वापरून जुनी होत जाते तशी तिची किंमत दरवर्षी कमी कशी दाखवायची ते. एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुमच्या निळ्या गाडीचं उदाहरण घेऊया?" वर्ग हसला, मीही हसले, आणि फळ्याकडं तोंड करून ट्रॅक्टरचं उदाहरण मांडलं.

आणि तरीही चालवताना मला आनंद व्हायचा. ते लपवून काय उपयोग? सकाळचे तास संपले की मी उगीच धारवाडपर्यंत जाऊन यायची. केलगेरीच्या तळ्यापाशी गाडी लावायची, काच खाली करून पाच-दहा मिनिटं बसायची आणि परत. कोणी विचारलं तर पेपर तपासायला विद्यापीठात गेले होते, असं सांगायची.

पेट्रोलचंही असंच. पंपावर विचारतात, "साधं का प्रीमियम?" प्रीमियम म्हणजे जास्त ऑक्टेनचं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा एक प्रकारचा दम. इंजिनात दाब वाढला तरी ते वेळेआधी पेट घेत नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की साधं चालेल, जास्त ऑक्टेनचं घातलं तर इंजिन पूर्ण ताकद देईल. हुबळीच्या गर्दीत ती पूर्ण ताकद मी कुठं वापरणार होते? पण मी प्रीमियमच घालायची. ज्या वस्तूसाठी सासूबाईंचं सोनं मोडलं तिला हलकं काही द्यायचं नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. देवाच्या नैवेद्याला जसं साजूकच तूप लागतं तसं. म्हणजे एका चुकीचं प्रायश्चित्त म्हणून मी दुसरी उधळपट्टी करत होते. आणि "प्रीमियम" हा शब्द उच्चारताना आवाज इतका हळू करायची, की पंपावरची बाई प्रत्येक वेळी "काय?" म्हणून पुन्हा विचारायची.

सगळ्यांत अवघड होत्या अक्का.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, या भावंडांतली थोरली. शाळेतून निवृत्त झाल्या, यजमान आधीच गेलेले, धारवाडला मळमड्डीत एकट्याच राहतात. बाजारापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडं रिक्षा. आईच्या आजारपणात त्या दर रविवारी बसनं यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. पाटल्यांविषयी त्या मला एक अक्षर बोलल्या नव्हत्या. गाडीच्या पूजेला आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या.

मी दर पंधरवड्याला त्यांच्याकडं जायची. पण ती निळी गाडी त्यांच्या दारात उभी करायचा धीर मला होत नव्हता. दोन गल्ल्या अलीकडं एका कंपाउंडच्या भिंतीला गाडी लावायची आणि पिशवी घेऊन चालत जायची. घामाघूम होऊन पोचले की अक्का पाणी द्यायच्या. "बसला गर्दी होती?" त्या विचारायच्या. मी म्हणायची, "होती थोडी."

असं कितीतरी महिने चाललं. मग एकदा, मी निघायला उठले तेव्हा अक्का चप्पल घालत म्हणाल्या, "चल, तुला सोडते गाडीपर्यंत."

मी जागच्या जागी उभी राहिले.

"त्या भिंतीला उन्हात कशाला लावतीस?" त्या म्हणाल्या. "रंग उडेल. माझ्या दारात चिंचेची सावली आहे. अख्ख्या मळमड्डीला माहीत आहे गं. रिक्षावालासुद्धा मला विचारतो, निम्म नीली गाडी बंतल्ल? म्हणजे तुमची निळी गाडी आली वाटतं."

"अक्का..."

"पुढच्या वेळी सावलीत लाव." एवढं बोलून त्या परत घरात गेल्या. भिंतीपर्यंत आल्या नाहीत.

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या चांगुलपणानं मात्र मी पार खचले. पुढचे काही दिवस तेच डोक्यात. शेवटी ठरवलं की गाडी विकायची, त्या पैशांच्या पाटल्या करायच्या आणि अक्कांच्या हातात ठेवून मोकळं व्हायचं. घरी कोणाला न सांगता मी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाकडं गेले. त्यानं गाडीभोवती फिरून बघितलं, सुरू करून कान दिला, खूश झाला.

"मस्त ठेवलीय मॅडम. पण आमच्याकडं गिऱ्हाईक नाही हिला. आमच्या गावात लोक पहिलं अॅव्हरेज विचारतात, दुसरं विचारतात मागं किती बसतात. हिची दोन्ही उत्तरं वाईट."

"चालवून तर बघू देत कोणी."

"चालवून बघणाऱ्या पोरांकडं पैसे नसतात, आणि पैसे असलेल्यांचे गुडघे दुखतात," तो हसून म्हणाला आणि त्यानं किंमत सांगितली. त्या किमतीत, त्या दिवसाच्या सोन्याच्या भावानं, तशा दोन पाटल्या झाल्या नसत्या. मी गाडी घेऊन परत आले. वाटेत पंपावर थांबले आणि सवयीनं पुन्हा प्रीमियमच म्हणाले.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध हुबळीच्या घरीच झालं. अक्का आदल्या दिवशीच बसनं येऊन राहिल्या. भटजी जेवून गेले, पानं उचलली, आणि मधल्या खोलीत आम्ही घरचीच माणसं बसलो होतो. बाहेर दारात माझी गाडी उभी होती. खिडकीतून तिचा निळा कोपरा दिसत होता. अण्णांचंही लक्ष तिकडंच होतं.

"आईचं काहीसुद्धा घरात राहिलं नाही बघ," ते कोणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "पाटल्या तेवढ्या होत्या. आज असत्या तर काय भाव झाला असता."

नवरा म्हणाला, "अण्णा, आज नको."

"आज नको तर कधी? मी काय चोरी म्हणालो का? एवढंच विचारतोय, आईनं दिल्या म्हणजे कधी दिल्या? आम्ही दोघं मुलगे इथंच होतो. आम्हाला का सांगितलं नाही? दिल्या असं ही म्हणते. बास."

खरं तेच मी सांगत आले होते, आणि पुन्हा एकदा सांगायला माझ्याकडं नवीन काहीच नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात अक्का बोलल्या.

"माझ्यासमोर दिल्या."

अण्णांनी वळून बघितलं. "तुझ्यासमोर?"

"मी आले होते रविवारी. तिथं पलंगाच्या कडेला बसले होते. आईनं हिचा हात धरला, पाटल्या दिल्या आणि म्हणाली, हिनं माझं केलंय, हिलाच देते. अजून काय ऐकायचंय तुला?"

रविवार नव्हता. पलंगाच्या कडेला कोणी नव्हतं. सासूबाई तसं काही म्हणाल्याही नव्हत्या. अक्का आयुष्यभर शाळेत मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करत आलेल्या बाई. त्या एवढ्या सहज बोलल्या, की क्षणभर मलाच वाटलं, होत्या की काय.

अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं, अक्का? मी उगाच... माझं चुकलं म्हणायचं." वयानं मोठा दीर, सगळ्यांसमोर, माझ्यापुढं. मी मान खाली घातली. वर्षभर मी खरं बोलत होते तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, आणि एका खोट्यानं सगळं मिटलं. त्या माफीचा मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं कानकोंड्यासारखं झालं.

अक्कांना धारवाडला सोडायला मी निघाले. त्या पहिल्यांदाच त्या गाडीत बसत होत्या. सीट खाली असल्यानं त्यांना दाराला धरून, एक पाय आधी आत घेऊन, हळूहळू टेकावं लागलं. "आई गं," एवढं म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. नवनगर मागं पडलं.

"तुम्ही नव्हता तिथं," मी शेवटी म्हटलं.

"नव्हते."

"मग का म्हणालात?"

"तो आणखी दहा वर्षं तेच उगाळत बसला असता. आईच्या श्राद्धाला दरवर्षी सोन्याचा भाव. मला ते ऐकायचं नव्हतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि तू खोटं बोलणार नाहीस, हे मला माहीत होतं. बसच्या गर्दीचं सोडून."

मला हसू आलं नाही. "अक्का, तुम्हाला त्या हव्या होत्या का?"

त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. मधल्या, बससाठी राखलेल्या लेनमधून लांब बस आमच्या बरोबरीनं चालली होती.

"हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "आता कशाला खोटं बोलू, एका दिवसात एक पुरे. माझ्या लग्नात आमच्या वडिलांचं, अप्पांचं दुकान बसलं होतं. मला पाटल्या घातल्या नाहीत, पितळेवर सोन्याचं पाणी दिलेल्या घातल्या. सासरी कोणाला कळलं नाही, पण मला माहीत होतं ना. पाठवणीच्या वेळी आईनं आपल्या हातातल्या दाखवल्या आणि म्हणाली, ह्या तुझ्याच आहेत, माझ्यानंतर तूच घे. तेव्हापासून मी कधी विषय काढला नाही. आईला काय विचारायचं, असं वाटायचं."

मी गाडी चालवत होते म्हणून बरं. हात कुठं ठेवावेत हा प्रश्न पडला नाही.

ह्या तुझ्याच. सासूबाईंनी मलाही हेच शब्द म्हटले होते. त्यांना नीट दिसत नव्हतं. माझा हात त्यांनी चाचपडून धरला होता. आणि पोरी तर त्या मलाही म्हणायच्या, अक्कांनाही म्हणायच्या, कामवालीलासुद्धा म्हणायच्या. माझं नाव घेतलं नव्हतं. त्या दुपारी त्यांना पलंगाजवळ आपली लेक बसलीय असं वाटलं असेल, तर? मी ज्याला वर्षभर माझं खरं म्हणत होते, त्याचाच पाया सरकला.

मळमड्डीला चिंचेच्या सावलीत गाडी थांबवली. अक्का उतरल्या. मी गाडी वळवली.

त्या रात्री मी नवऱ्याला ही शंका सांगितली. तो उठून बसला आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "अण्णाला सांगू नको. परत सगळं उकरलं जाईल." तो बरोबर होता. पण त्यामुळं ते माझ्याकडंच राहिलं.

त्यानंतर अण्णा बदलले. ग्रुपवरचा सोन्याचा भाव बंद झाला, नुसता देव येऊ लागला. एकदा डोळे तपासायला जायचं होतं तर माझ्या नवऱ्याला नको म्हणाले, "हिच्या गाडीतनं जातो." दाराच्या वरचं हँडल घट्ट धरून बसले. मी जपून चालवत होते तरी म्हणाले, "पळते की." आणि मग, सिग्नलला थांबलो असताना, "आईला माणसाची पारख होती. बरोबर माणसाला दिलं तिनं." सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली, नवशिक्यासारखी. मागून हॉर्न वाजायला लागले.

त्या दिवसानंतर मला ते पोटात ठेवणं जमेना. मी अक्कांना फोन केला आणि म्हटलं, "रविवारी कुठंतरी जाऊया." त्यांना वाटलं मी त्यांना फिरवायला नेतेय. त्यांनी लगेच जागासुद्धा सांगितली: अळणावरजवळचं एक खेडं. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं त्यांनी तिथल्या शाळेत काढली होती, एका शेतकऱ्याच्या घरी राहून.

केलगेरी ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला. झाडं वाढत गेली. अक्का काच खाली करून बसल्या होत्या, केस उडत होते. "जरा पळव की," त्या म्हणाल्या. "एवढं काय नाव झालंय हिचं, बघू तरी."

मी पळवली. अक्कांनी दोन्ही हातांनी सीट धरली आणि तोंडातून एक आवाज काढला. तो भीतीचा आहे की मजेचा, कळेना. मी पाय काढला.

"अगं, कशाला कमी केलीस?"

खेड्यात पोचलो तेव्हा शाळेची नवी इमारत झाली होती. शेतकऱ्याचं घर होतं, पण ती माणसं शेतावर गेलेली. दारातल्या सूनबाईनं, ओळख नसतानाही, ताक दिलं. अक्का तिच्याशी कन्नडमधून बोलत बसल्या, कोण गेलं, कोण राहिलं. परत निघालो तेव्हा त्या खुशीत होत्या. मला वाटलं आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी सगळं सांगितलं: दुपार, गुंगी, चाचपडणारा हात, पोरी, तुझ्याच.

अक्कांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "त्या दिवशी गाडीत मी तुला सांगितलं आणि तुझा चेहरा बघितला. तेव्हा मलाही तसंच वाटलं."

"मग?"

"मग काय. आईला आता विचारायला जाता येतंय का? मी समजून तुला दिल्या असतील तिनं, किंवा तुलाच द्यायच्या असतील. दोन्ही असू शकतं. होगली बिडु," जाऊ दे, सोड, असं त्या कन्नडमधून म्हणाल्या, पण सोडल्यासारखा आवाज नव्हता. थोड्या वेळानं पुढं म्हणाल्या, "शेवटी शेवटी तिला आपल्यातली कोण कोणती ते कळत नव्हतं. रविवारी मी गेले की मला म्हणायची, गोळ्या दिल्यास का गं. गोळ्या तू देत होतीस. मला तेव्हा वाईट वाटायचं. माझी आई, आणि ती मला तू समजायची. मी फक्त रविवारची होते. तेही माझ्या मनात आहे बघ. तुझ्या एकटीच्या नाही."

मी म्हटलं, "मी थोडं थोडं करून एक तरी पाटली करून देते तुम्हाला."

"नको. ह्या वयात हातात सोनं घालून रिक्षात बसू का मी? चेन ओढतात, पाटली काय सोडतील?" मग त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, जरा दाबून बघितला. "पाटल्या दोन होत्या. एक तुझी म्हण, एक माझी. म्हणजे निम्मी गाडी माझी. दर रविवारी मला न्यायचं. कुठं ते मी सांगणार."

"बरं."

"बरं काय? हो म्हण."

"हो."

अळणावरच्या पंपावर पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या बाईनं विचारायच्या आत अक्का काचेतून म्हणाल्या, "साधं." मी सांगायचा प्रयत्न केला की इंजिन टर्बो आहे, आणि साध्यात आता इथेनॉल जास्त असतं. अक्का म्हणाल्या, "पुस्तकात साधं चालतं असं लिहिलंय का?" मी म्हटलं, लिहिलंय. "मग माझ्या निम्म्याला तेच घाल. तुझ्या निम्म्याला तुला काय वाटेल ते." पैसे त्यांनीच दिले, मला पर्सला हात लावू दिला नाही.

गाडी साध्यावरही तशीच चालली. काही फरक असलाच तर तो मला कळला नाही.

अपराधी वाटायचं थांबलं का, असं कोणी विचारलं तर नाही म्हणावं लागेल. अण्णा अजून अक्कांचं ते वाक्य चारचौघांत सांगतात, आईनं कसं हात धरून दिलं ते, आणि आता त्यात त्यांची स्वतःची भर पडलीय. मी ऐकून घेते. पाटल्या कोणाच्या होत्या, ते मला माहीत नाही आणि कळणारही नाही. गाडी चालवायला मात्र मला अजून तेवढंच आवडतं.

त्या रविवारी परतताना उसानं भरलेला एक ट्रॅक्टर पुढं होता, मागं दोन ट्रॉल्या लावलेला. रस्ता सरळ होता, समोरून काही येत नव्हतं. एका दमात पुढं जाता आलं असतं. मी बाजूला बघितलं. अक्कांची मान कलली होती, तोंड किंचित उघडं, त्या कडक सीटवर त्यांना गाढ झोप लागली होती. मी गियर खाली आणला आणि धारवाड येईपर्यंत त्या ट्रॅक्टरच्या मागंच राहिले.